रात्रीची नाकाबंदी : उभं कुठे राहायचं, हात कुठे घालायचा नाही

नाकाबंदीवरचा शिपाई जखमी होतो तो बहुतेक वेळा गाडीमुळे. कोयतेवाला गुंड, पिस्तूल असलेला तस्कर यांची तयारी सगळेच करतात आणि ती हवीच. पण उत्तर गोव्यातल्या म्हापसा-पेडणे पट्ट्यात मध्यरात्री दोन वाजता तुमच्याकडे येणाऱ्या गाडीतला चालक बहुधा प्यालेला, पेंगुळलेला किंवा रस्ता न माहीत असलेला असतो. त्याला तुम्ही दिसत नाही, हा पहिला धोका. दिसलात तरी त्याची गाडी वेळेत थांबत नाही, हा दुसरा. म्हणून जागा आणि मांडणी आधी, कायदा आणि कागदपत्रं नंतर.

जागा

दोन्ही बाजूंनी किमान १५० मीटर सरळ रस्ता दिसला पाहिजे. गोव्यात ही अट पाळणं सोपं नाही. रस्ते वळणाचे, कडेला काजूची झाडं नाहीतर चिऱ्यांचे गडगे. तरीही वळणाच्या लगेच पुढे, पुलाच्या तोंडाशी किंवा उताराच्या पायथ्याशी नाका लावू नका. चोर्ला घाटातून किंवा अनमोडवरून उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापलेले असतात, खाली तुम्ही उभे असाल तर त्याला थांबायची इच्छा असूनही थांबता येत नाही. चढावर लावलेला नाका उत्तम, गाडीचा वेग आपोआप मरतो.

गाडी बाजूला घ्यायला साईडपट्टी हवी, आणि तुमच्या पाठीशी पळायला मोकळी जमीन हवी. पाठीमागे गडगा असेल तर तुम्ही गाडी आणि चिरे यांच्या मधे सापडता. उघडं गटार तितकंच वाईट. ही पाहणी दिवसाउजेडी करा; रात्री गवताखाली काय आहे ते बॅटरीनेही कळत नाही.

अंतराचं गणित

ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाने तुम्हाला पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण २० मीटर. एकूण ४५. ओल्या रस्त्यावर हेच ६० होतात. वेग ८० असेल तर कोरड्यात ७०, ओल्यात शंभराच्या आसपास. आणि दीड सेकंदाचा हिशेब शुद्धीतल्या माणसाचा आहे. प्यालेल्याला तीन सेकंद लागले तर ८० च्या वेगाने तो ब्रेकवर पाय ठेवायच्या आधीच ६५ मीटर पुढे आलेला असतो.

डिपरवर हेडलाईटचा उपयोगी उजेड जेमतेम ४०-५० मीटर. याचा अर्थ सरळ आहे : पहिला इशारा बॅरिकेडपाशी देऊन चालत नाही.

मांडणी अशी. बॅरिकेडच्या १०० मीटर आधी परावर्ती फलक आणि लुकलुकणारा दिवा, चौपदरी महामार्गावर १५० मीटर. मग रस्त्याच्या कडेपासून तिरकी सरकत आत येणारी कोनची (प्लास्टिकच्या शंकूंची) रांग, पाच-पाच मीटरवर एक, असे दहा कोन. त्यानंतर दोन बॅरिकेड, एक डावीकडून आणि दुसरा उजवीकडून, मधे २० मीटर अंतर, म्हणजे गाडीला नागमोडी जावंच लागतं. वाट साडेतीन ते चार मीटर ठेवा. यापेक्षा अरुंद ठेवली की कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस अडकते, मागे रांग लागते, आणि रांगेच्या शेपटीला येऊन धडकणारी गाडी ही तुमच्या मांडणीची चूक ठरते.

लोखंडी बॅरिकेड म्हणजे भिंत नव्हे. धडक बसली की तो उडतो आणि मागे जो असेल त्याला लागतो. त्याच्या मागे कधीच उभं राहू नका. दोन बॅरिकेड साखळीने किंवा दोरीने बांधू नका, एकाबरोबर दुसराही फेकला जातो. दगड, सिमेंट भरलेले डबे, ओंडके रस्त्यावर टाकणं तर पूर्ण बंद. त्याने दुचाकीवाला मरतो आणि जबाब तुम्हाला द्यावा लागतो.

गस्तीची गाडी नाक्याच्या पुढच्या टोकाला, वाहतुकीच्या दिशेने तोंड करून, साईडपट्टीवर. छतावरचा दिवा चालू असू द्या, पण त्याला टेकून उभे राहू नका. लुकलुकणाऱ्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपतात आणि दिव्याशेजारचा माणूस त्याला दिसतच नाही. दिव्यापासून सहा-सात पावलं बाजूला राहा.

कोण कुठे

चार माणसं हवीत. इशारा देणारा, तपासणारा, तपासणाऱ्यावर लक्ष ठेवणारा, आणि वायरलेस सांभाळणारा चालक. दोघेच असाल तर नाका लावू नका, गस्त घाला.

इशारा देणारा डाव्या कडेला, कोनच्या आतल्या बाजूला. गाडीच्या वाटेत उभं राहून हात वर करणं फोटोत छान दिसतं, बाकी त्याला काही अर्थ नाही. लाल बॅटन (उजेडाची दांडी) छातीच्या उंचीवर आडवा, सावकाश हलवा. नजर चालकाच्या तोंडाकडे नको, हेडलाईटमुळे तसंही ते दिसत नाही. बघायचं ते गाडीचं नाक. ब्रेक लागला की बॉनेट खाली झुकतं, हेडलाईटचा झोत रस्त्यावर जवळ सरकतो. पहिल्या कोनपर्यंत झोत खाली आला नाही तर ती गाडी थांबणार नाही असं धरून दोन पावलं मागे व्हा आणि ओरडून बाकीच्यांना सांगा. शब्द आधी ठरवा, एकच. ‘बाजू!’ पुरतो. गाडी उभी राहिल्यावरही पुढचं चाक बघत राहा. चाक तुमच्याकडे वळायला लागलं की चालकाच्या मनात काय आहे ते कळतं.

इशाऱ्यावरचा माणूस दर अर्ध्या तासाने बदला. पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ. तुम्हीही पेंगता आणि समोरचाही. त्याच वेळी सायकलवरून पोदेर (पाववाला) निघतो, मासळीचे टेम्पो सुटतात. सायकलला दिवा नसतो. नाक्यावर त्यांच्यासाठी कडेने मीटरभर वाट मोकळी ठेवा.

गाडीजवळ जाणं

आधी नंबर, रंग, आत किती माणसं हे वायरलेसवर सांगा, मग पाऊल टाका. गाडी डाव्या कडेला घ्यायला लावा, इंजिन बंद, आतला दिवा चालू.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे त्याची खिडकी वाहतुकीच्या बाजूला. तिथे उभं राहिलात की तुमची पाठ येणाऱ्या गाड्यांना. म्हणून डाव्या बाजूने, मागून जा. जाताना मागची सीट बघा. दोन दारांमधल्या खांबाच्या किंचित मागे थांबा. तिथून चालकाचे हात दिसतात आणि दार उघडलं तरी तुम्हाला लागत नाही. बोलणं डाव्या काचेतून. कोनने पूर्ण बंद केलेल्या भागात गाडी असेल तरच चालकाच्या बाजूला जा. दोन उभ्या गाड्यांच्या मधून कधीच जाऊ नका, मागचीला धक्का बसला की पाय गेले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खिडकीतून हात आत घालायचा नाही. चावी काढायला नाही, गियरकडे नाही, कॉलर पकडायला तर नाहीच. चालक घाबरतो, काच वर करतो आणि क्लच सोडतो. हात अडकलेला माणूस गाडीबरोबर फरफटत जातो. एकदा ताशी २० चा वेग गाठला की पायावर उभं राहणं जमत नाही, पाय मागच्या चाकाकडे ओढले जातात. चावी हवी तर चालकाला काढून डॅशबोर्डवर ठेवायला सांगा. नाही म्हणाला, तर नंबर आहे.

दुचाकीचं हँडल धरू नका, ती तुमच्याच अंगावर पडते. मागे बसलेल्याला आधी उतरवा, मग चालकाला.

अल्कोमीटर (श्वासातली दारू मोजणारं यंत्र) वापरताना तोंडासमोर उभे राहू नका, बाजूला राहा. प्रत्येकाला नवी नळी, आणि ती त्याच्यासमोर पाकिटातून काढा. नुकताच घोट घेतला असेल किंवा उलटी झाली असेल तर १५ मिनिटं थांबा, नाहीतर तोंडातल्या दारूने आकडा फुगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. फेणीचा वास कितीही येवो, वास म्हणजे पुरावा नव्हे.

तालांव (दंडाची पावती) देताना मान खाली घालून मशीनमध्ये गुंतायचं असेल तर कोनच्या मागे जा, आणि साथीदाराची नजर गाडीवर आहे याची खात्री करा. मान खाली असलेल्या माणसाला पुढचं काहीच दिसत नाही, त्याला त्या वेळी आंधळाच समजा.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे रेन्ट-अ-कॅब किंवा भाड्याची दुचाकी. चालक पर्यटक, नजर फोनच्या नकाशावर. पोलीस दिसला की मधेच करकचून ब्रेक मारतो किंवा उलटा वळतो. त्याला पळपुटा समजण्याची घाई नको. मागच्या गाडीकडे बघा, धडक तिथून येते.

पळाला तर

हेल्मेट नाही म्हणून पाठलाग नाही. चाकात दांडका घालणं, दांडा फेकून मारणं हा सरळ जीव घेण्याचा प्रकार. नंबर, दिशा, कपडे वायरलेसवर द्या आणि पुढचं पुढच्यांवर सोडा. राज्य लहान आहे. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे हे नाके कळवले की बाहेर पडायच्या मोठ्या वाटा झाकल्या गेल्या.

हत्यार दिसलं तर

गोव्यात कोयता दिसला म्हणजे हल्लेखोर असं नाही. पाडेली (नारळ पाडणारे) आणि रेंदेर (माडाची सूर काढणारे) पहाटे हत्यार कमरेला लावूनच निघतात. हातात आहे की कमरेला, हे आधी बघा. हातात असेल तर अंतर ठेवा. २१ फुटांवरून, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवरून, सुरीवाला माणूस दीड सेकंदात अंगावर येतो. १९८३ पासून जगभरच्या पोलीस प्रशिक्षणात हा आकडा शिकवतात. तेवढ्या वेळात पिस्तूल निघेलच असं नाही. म्हणून बॉनेट किंवा बॅरिकेड मधे घ्या आणि मागे सरका. हुकूम एकानेच द्यायचा. चौघे ओरडले की समोरच्याला एकही कळत नाही.

जखम झाली तर आधी थेट दाब. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबाने थांबत नसेल तर टूर्निके (रक्त थांबवायला आवळायची पट्टी), जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा, वेळ लिहा, सैल करू नका. दोरी किंवा वायर वापरू नका, पट्टी किमान चार सेंटिमीटर रुंद हवी. रुतलेलं पातं उपसू नका. १०८ ला फोन करताना जवळची ठळक खूण आणि महामार्गाची कुठली बाजू ते सांगा. टूर्निके, गॉज, हातमोजे, कात्री गाडीच्या पुढच्या कप्प्यात हवेत. डिकीत स्टेपनीखाली ठेवलेली पेटी वेळेला हाती लागत नाही.

पाऊस

जून ते सप्टेंबर परावर्ती जाकीट रेनकोटच्या वर घाला. आत घातलेलं कुणाला दिसत नाही, आणि ही चूक दरवर्षी होते. जाकिटाच्या पट्ट्या चिखलाने आणि धुलाईने मरतात. महिन्यातून एकदा ३० मीटरवरून बॅटरी मारून बघा. पट्टी उजळली नाही तर जाकीट बदलून घ्या. आणि पट्टी उजेड येईल तिथेच परत फेकते, त्यामुळे दिवे न लावता येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसणार नाही, जाकीट कितीही नवं असो. तुटलेली वीजतार दिसली तर १० मीटर लांब राहा, वाहतूक अडवा, १९१२ वर कळवा.

नाका उठवताना

इथेच ढिलाई होते. ड्युटी संपत आलेली, सगळ्यांना घरी जायचंय. काढण्याचा क्रम लावण्याच्या उलटा : आधी बॅरिकेड, मग आतले कोन, मग बाहेरचे, शेवटी १०० मीटरवरचा फलक आणि दिवा. फलक आधी उचलला की उरलेली मांडणी अंधारात बिनइशाऱ्याची राहते आणि कोन गोळा करणारा माणूस त्यात वाकलेला असतो. कोन उचलताना तोंड येणाऱ्या वाहतुकीकडे, एक माणूस फक्त बघायला. गाडीत बसण्याआधी कोन मोजा. लावले तितके भरले नाहीत तर परत जाऊन शोधा.