सिग्नलला गाडी थरथरते? पार्ट बदलण्याआधी हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासा

कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नलला उभं राहिलं की स्टेअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा ६०० ते ९०० मध्ये हिंदकळतो, एसी लावला की इंजिन बंद पडायला बघतं. मग आधी प्लग बदलले जातात, नंतर इंजेक्टर साफ होतात, नंतर एखादा सेन्सर. आणि शेवटी सापडते ती चिरलेली रबरी नळी. क्रम उलटा करा: आधी आकडे, मग डोळे आणि कान, सगळ्यात शेवटी पाना.

पहिला प्रश्न, इंजिन खरंच मिसिंग मारतंय का, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचं चुकतंय का? काटा ७५० ते ८५० मध्ये स्थिर असेल आणि फक्त बॉडी हलत असेल तर इंजिन माउंटिंगकडे बघा, मिश्रणाचा काही संबंध नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. धुराचा झोत एकसारखा हवा. मधूनच पट्टी आत ओढली गेली किंवा लय चुकली, तर एखादा सिलिंडर नीट जळत नाही. हे सगळं मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका.

आता ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र. २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत सहसा स्टेअरिंगखाली सॉकेट असतं आणि साधा ब्लूटूथ स्कॅनरही पुरतो. कोड वाचा, पण कोडवर थांबू नका. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), पी ०१७२ म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). पी ०३०१ ते ०३०४ मध्ये शेवटचा आकडा मिस होणाऱ्या सिलिंडरचा, आणि पी ०३०० म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि जातो.

खरी माहिती मिळते ती फ्युएल ट्रिममधून. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून इसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर किती टक्के जास्त किंवा कमी उघडतोय, ते हा आकडा सांगतो. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेली) यांची बेरीज घ्या. अधिक म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय. ±५ पर्यंत ठीक, १० च्या पुढे शोध सुरू करा. इंजिन ८५–९५ अंशांपर्यंत तापू द्या, एसी आणि दिवे बंद ठेवा आणि तीन वेळा नोंद करा: आयडलला (एक्सलरेटर न दाबता), २५०० आरपीएमवर मिनिटभर, आणि चढाला. चढासाठी पन्हाळ्याचा घाट चांगला. आकडे मात्र शेजारी बसलेल्याने वाचायचे.

आयडलला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ४ असेल, तर कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. रेस वाढली की एकूण हवेच्या मानाने ती गळती नगण्य होते, म्हणून आकडा उतरतो. उलट आयडलला ठीक आणि चढाला अधिक वाढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही: फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय, किंवा हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळलाय. शिरोलीच्या फाउंड्री पट्ट्यात रोज जाणाऱ्या गाडीत मळलेला मॅफ नवल नाही. तो मॅफसाठीच मिळणाऱ्या स्प्रेनेच धुवा, तारेला बोट लावू नका.

इथे एक मेख आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅफ नसून मॅप सेन्सर असतो, म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. त्यांत हवा आत गळली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, इसीयू त्याच्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो, आणि ट्रिम फारसं हलतच नाही. त्याऐवजी आयडल चढतं. अशा गाडीत मॅपचा आकडाच बघा. चावी ऑन, इंजिन बंद असताना कोल्हापूरच्या उंचीवर तो साधारण ९५ किलोपास्कल दिसायला हवा. गरम इंजिनला एसी बंद ठेवून आयडलला साधारण ३० ते ४०. तो ५० च्या आसपास रेंगाळत असेल तर गळती, चुकलेलं टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ) किंवा कमी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

गळती शोधताना पीसीव्हीची (इंजिनमधली वाफ परत आत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, थ्रॉटल बॉडीला (हवेच्या झडपेला) जोडलेला रबरी बूट आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट हा क्रम ठेवा. बूट हाताने वाकवून बघा, चीर घड्यांच्या आत लपलेली असते. उसाच्या फडाजवळ लावलेल्या गाड्यांत उंदीर वायर आणि बारीक नळ्या कुरतडतात, तेही तपासा. शंका असेल तिथे बाटलीने साबणाचं पाणी फवारा. इंजिनचा आवाज बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनर फवारणारे बरेच असतात, पण गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो.

फसवणारी गोष्ट ही: ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर त्यातली हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सर ‘लीन’ ओरडतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट फुटला असेल तरी तेच. म्हणून मिसिंगचा कोड असेल तर आधी ते मिटवा. २ नंबर सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) ३ वर टाका, कोड मिटवून चालवून बघा. पी ०३०२ चा पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. नाही हलला तर प्लगची अदलाबदल करा, नंतर इंजेक्टरची, आणि तरीही तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको.

ट्रिम उणे, प्लग काजळीने काळे आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कूलंट तापमानाचा सेन्सर बघा. रात्रभर उभ्या गाडीत त्याचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच हवा. तो बर्फासारखं थंड तापमान दाखवत असेल तर इसीयू विनाकारण पेट्रोल ओततोय. पेट्रोल भरल्या भरल्या स्टार्टिंगला त्रास होत असेल तर पर्ज व्हॉल्व्हवर (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेवर) संशय घ्या. थंड इंजिन आयडलला असताना कॅनिस्टरकडची (ती वाफ साठवणाऱ्या डब्याकडची) नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावा, ओढ लागली तर तो उघडाच अडकलाय.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल दोन शब्द, कारण त्यातलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखानेही बनवतात आणि खापरही त्याच्यावरच फुटतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. ई-१० साठी बनलेल्या गाडीत त्यामुळे ट्रिम सगळीकडे सारखंच अधिक ४–५ दिसू शकतं. तो बिघाड नाही. फक्त आयडलला १५ दिसत असेल तर दोष इथेनॉलचा नाही.

सीएनजी किट असेल तर सगळी मोजणी आधी पेट्रोलवर करा. फक्त गॅसवर मिसिंग असेल तर प्लगचा गॅप, गॅस फिल्टर आणि गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर बघा. सीएनजीला ठिणगी जास्त जोरदार लागते.

दुरुस्तीनंतर कोड मिटवा. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर त्या गाडीच्या पद्धतीने आयडल रीलर्न करा, म्हणजे इसीयूला आयडल नव्याने शिकवा, नाहीतर रेस चढलेलीच राहील. लाँग टर्म ट्रिम सावकाश उतरतं. दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच तीन नोंदी पुन्हा घ्या.