हिरवी रेघ कुठे संपते? डीजेवाले, मंडळं आणि गच्चीवरची पोरं यांच्यासाठी

गच्चीवर उभं राहून हिरवा लेझर वर धरला की शे-दोनशे फुटांवर काठी मोडावी तशी रेघ संपलेली दिसते. ती संपलेली नसते. झोत आपल्याला दिसतो तो हवेतल्या धुळीवर, धुरावर उजेड विखुरतो म्हणून. वर धूळ विरळ होत जाते, शिवाय आपण झोताच्या बुडाशीच उभे असतो, त्यामुळे त्याची लांबी नजरेला आखडलेली वाटते. उजेड मात्र पुढे चाललेलाच असतो. ‘एवढ्या उंचावरच्या विमानाला काय होतंय’ हा गैरसमज या मोडलेल्या काठीतूनच येतो.

दुसरा गैरसमज ठिपक्याचा. भिंतीवर मुगाएवढा दिसणारा ठिपका लांब गेल्यावर मुगाएवढा राहत नाही. साध्या पॉइंटरचा झोत साधारण एका किलोमीटरला एक मीटर पसरतो. तीन किलोमीटरवर तो तीन मीटर रुंद झालेला असतो, म्हणजे छोट्या विमानाची समोरची काच पूर्ण झाकेल एवढा. त्या काचेवर बारीक ओरखडे असतात, धूळ असते. उजेड त्यावर फुटतो आणि अख्खी काच हिरवी पेटल्यासारखी होते. काचेपलीकडची धावपट्टी दिसेनाशी होते, अलीकडचे उपकरणांचे काटेही. खाली धरणाऱ्याचा हात थरथरत असतोच, त्यामुळे उजेड सलग न पडता वीज चमकावी तसा पुन्हा पुन्हा येतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने (एफएए) यासाठी अंतरांचं गणित मांडलेलं आहे. ५ मिलिवॉटचा हिरवा पॉइंटर डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो ते सुमारे १६ मीटरपर्यंत. डोळ्यापुढे अंधारी आणून मागे डाग ठेवतो ८० मीटरपर्यंत. समोरचं दिसू न देणारी तिरीप ३६५ मीटरपर्यंत पोचते आणि लक्ष विचलित करण्याचं काम साडेतीन किलोमीटरपर्यंत चालतं. शक्ती चौपट झाली की ही सगळी अंतरं दुप्पट होतात. म्हणून १ वॉटच्या लेझरला इजेचं अंतर सव्वादोनशे मीटर, अंधारीचं अकराशे मीटर, तिरिपीचं पाच किलोमीटर आणि लक्ष विचलित होण्याचं तब्बल पन्नास किलोमीटर येतं. आता डीजेच्या गाडीवर ‘फुल कलर’ म्हणून बसवलेलं यंत्र किती वॉटचं आहे ते मागच्या पट्टीवर वाचा. तीन, पाच, दहा, काहीही असू शकतं.

यात वैमानिक कायमचा आंधळा होतो का? बहुतेक वेळा नाही. पण प्रश्न तो नाहीच. उतरणारं विमान साधारण तीन अंशाच्या उतारावर येतं. धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर ते जेमतेम १६० मीटर उंच असतं आणि ताशी दोनशे किलोमीटरने आलं तर ते अंतर एका मिनिटाच्या आत संपतं. डोळ्यासमोरचा डाग जायला काही सेकंद ते काही मिनिटं लागतात, अंधाराला सरावलेली नजर पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं. ती मिनिटं आणायची कुठून?

आपल्याकडे, खानदेशात, कुठे जपायचं

जळगावचं विमानतळ शहराच्या आग्नेयेला, कुसुंब्याच्या बाजूला आहे. तिथे प्रवासी विमानं येतात आणि वैमानिक घडवणाऱ्या संस्थाही आहेत. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी, शिरपूरला तांडे गावची. तिथेही शिकाऊ विमानं असतात. शिकाऊ विमान लहान, हळू आणि खालून उडणारं. आत बसलेला कधी कधी एकटा, तोही विशी-बाविशीचा. मोठ्या विमानात एकाचे डोळे दिपले तर दुसरा सांभाळून घेतो. इथे शेजारची खुर्ची रिकामी असू शकते. निवडणुकीत सभांना येणारी हेलिकॉप्टरं आणि रुग्ण नेणारी हवाई रुग्णवाहिका कुठेही, कोणत्याही गावाच्या मैदानात उतरू शकतात. त्यामुळे ‘आमच्या तालुक्यात विमानतळच नाही’ ही सबब टिकत नाही.

मोबाइलच्या नकाशावर धावपट्टीवर बोट दाबून धरा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि आपल्या कार्यक्रमाच्या जागेपर्यंत रेघ ओढा. सव्वानऊ किलोमीटरच्या आत असाल तर कायद्याच्या पट्ट्यात आहात. जळगाव शहराचा बहुतेक भाग त्यात येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत झोताची तीव्रता मर्यादित ठेवायचा पट्टा धावपट्टीपासून साडेअठरा किलोमीटरपर्यंत धरतात, म्हणजे भुसावळही जवळजवळ त्याच्या काठावर येतं.

मिरवणुकीत लेझर बसतच नाही

हे मंडळांना आवडणार नाही, पण मोजमाप करून पाहा. गाडीच्या छतावर लेझर तीन-साडेतीन मीटरवर असतो. झोत खाली झुकवला तर समोरच्या नाचणाऱ्यांच्या डोळ्यांत. सरळ ठेवला तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मिरवणूक बघायला उभ्या बायका-पोरांच्या डोळ्यांत. त्याच्याही वर उचलला तर थेट आभाळात. धुळ्याचा आग्रा रोड असो की गावातली एखादी अरुंद गल्ली, झोताला सुरक्षित अशी मधली जागा उरतच नाही. त्यातून गाडी हलती. गतिरोधकावर चाक चढलं आणि यंत्र दोन अंशांनी कललं, की पाचशे मीटरवर झोत साडेसतरा मीटर वर गेलेला असतो. भाद्रपदात हवेत ओल असते, गुलाल असतो, स्मोक मशीनचा धूर असतो. रेघा झकास दिसतात, म्हणूनच मोह होतो. मिरवणुकीला पार लाइट (रुंद उजेड टाकणारे दिवे) आणि एलईडी पट्ट्या लावा. शार्पी म्हणजे फिरत्या तोंडाचा दिवा. ती लेझर नसली तरी तिचाही झोत अरुंद आणि प्रखर असतो. विमानतळाजवळ तिचंही तोंड आभाळाकडे नको.

लॉन्सवर किंवा कार्यालयात लावायचा असेल तर

नियम एकच: झोताला शेवट हवा. तो शेवट पक्क्या भिंतीवर किंवा छतावर व्हायला हवा. झाड हा शेवट नव्हे, पानं हलतात. शेडनेटच्या भोकांतून उजेड आरपार जातो. मांडवाचं पातळ कापडही बराच झोत सोडतं आणि जवळून जास्त वॉटचा पडला तर करपतं.

एक हिशेब करून दाखवतो. लेझर ट्रसवर (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर) ४ मीटर उंच, समोर २० मीटरवर ६ मीटर उंचीची भिंत. भिंतीच्या वरच्या कडेपासून अर्धा मीटर सोडायचा, म्हणजे झोत ५.५ मीटरच्या वर जायला नको. २० मीटरमध्ये दीड मीटर चढ, म्हणजे साधारण ४ अंश. खाली माणसं असतात तिथे झोत जमिनीपासून किमान ३ मीटर वर हवा. २० मीटरमध्ये एक मीटर उतार, म्हणजे जेमतेम ३ अंश. एकूण ७ अंशांची फट मिळाली. एवढ्यातच जे नाचवायचं ते नाचवा. भिंत ४ मीटरचीच असेल तर ही फट दीड अंशाचीही राहत नाही आणि लेझर त्या जागी लावायचा नाही, विषय संपला.

ही मर्यादा फक्त सॉफ्टवेअरवर सोडू नका. प्रोग्रॅम अडकतो, यंत्राला हुकूम पोचवणारी डीएमएक्सची वायर सुटते आणि यंत्र आपोआप स्वतःच्या ऑटो मोडवर जाऊन वाटेल तिकडे झोत फेकायला लागतं. प्रत्यक्ष अडसर हवाच. दीड-दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, उष्णता सोसणारा काळा मॅट रंग मारा आणि यंत्राच्या तोंडासमोर वरच्या बाजूने स्क्रूने आवळा. पुठ्ठा चालत नाही, तो पेटतो. चकचकीत पत्रा तर मुळीच नको, झोत उलटून ऑपरेटरवर येईल.

पट्टी बसवायची ती पाहुणे यायच्या आधी. एक जण भिंतीवर ५.५ मीटरवर आणि ३ मीटरवर चिकटपट्टीच्या खुणा करतो आणि मैदानातून बाहेर पडतो. मग शक्ती सगळ्यात कमी ठेवून चौकोनाचा टेस्ट पॅटर्न सोडायचा आणि चौकोनाची वरची कड खुणेवर कापली जाईपर्यंत पट्टी खाली सरकवायची. खालच्या बाजूला तशीच दुसरी पट्टी. स्क्रू आवळल्यावर पॅटर्न बदलून, आकार पूर्ण मोठा करून पुन्हा बघा. एकाच पॅटर्नवर तपासलं की नेमका दुसरा बाहेर जातो. यंत्राला क्लॅम्पबरोबर सेफ्टी वायर लावा, कारण ट्रसवरचा एक बोल्ट ढिला झाला तर यंत्र खाली येऊ शकतं.

परावर्तनाकडे लोक लक्ष देत नाहीत. समोरच्या दुकानाची काच, स्टीलची पाण्याची टाकी, उभ्या गाडीची तिरकी काच, स्टेजमागचा आरसेवाला डेकोरेशनचा खांब. यावर पडलेला झोत वर उडतो. आधी फिरून बघा, जे झाकता येईल ते मॅट कापडाने झाका.

कार्यक्रम चालू असताना एक माणूस बंद करण्याच्या बटणाजवळच हवा. तो डीजे नको, दुसरा. विमानाचा आवाज आला किंवा लुकलुकता दिवा दिसला की त्याने आधी बटण दाबायचं, मग विचारायचं. ‘बंद कर रे भो’ अशी हाक मारून गर्दीतून ऑपरेटर शोधायची वेळ येऊ देऊ नका. ‘साउंड ॲक्टिव्ह’ मोड उघड्यावर वापरूच नये. ढोलाच्या ठेक्यावर झोत कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं.

झोत आभाळात सोडणारा मोठा शो करायचाच असेल, तर विमानतळाच्या कार्यालयाला आणि पोलिसांना बरेच दिवस आधी लेखी कळवा. अर्जात तारीख, सुरू-बंद होण्याची वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, यंत्राचे वॉट आणि रंग, झोताची दिशा व कोन आणि कार्यक्रमभर उचलला जाईल असा फोन नंबर लिहा. नाही म्हणाले तर नाही.

पॉइंटर हातात असेल तर

५ मिलिवॉट असं स्टिकर असलेला स्वस्त हिरवा पॉइंटर त्याच्या कितीतरी पट शक्तीचा निघू शकतो. जाडजूड नळी, आत १८६५० चा सेल (बोटाएवढा जाडा, चार्ज होणारा लिथियम सेल), बुडाला चावी आणि काडी पेटवून दाखवणारा दुकानदार. असा असेल तर तो ५ मिलिवॉटचा नाहीच. शिवाय हिरवा उजेड आतल्या अदृश्य अवरक्त उजेडातून तयार होतो आणि तो गाळणारी काच स्वस्त नळीत अनेकदा बसवलेलीच नसते. म्हणजे दिसतो त्याहून जास्त झोत बाहेर पडतो.

रंगाने फसू नका. रात्री नजरेला हिरवा सगळ्यात प्रखर वाटतो. तेवढ्याच शक्तीच्या लाल पॉइंटरच्या साधारण आठपट. निळा मात्र हिरव्याच्या वीसपट फिका वाटतो, म्हणून लोक तो दुबळा समजून जास्त वॉटचा घेतात, आणि डोळ्याच्या पडद्याला भाजायला रंग लागत नाही, शक्ती लागते.

तोरणमाळला किंवा रावेर तालुक्यातल्या पालला आकाशदर्शनाला पॉइंटर नेत असाल तर ५ मिलिवॉटच्या वर जाऊ नका. ५० मिलिवॉटचा झोत लक्ष विचलित करण्याइतका अकरा किलोमीटरपर्यंत पोचतो, म्हणजे सातपुड्यावरून उंच जाणाऱ्या विमानापर्यंतही. तारा दाखवायला दोन-तीन सेकंद पुरतात. बटण दाबण्याआधी आभाळ एकदा डोळ्यांनी पूर्ण फिरून बघा: उपग्रह सहसा न लुकलुकता सरकतो, विमानाला लाल-हिरवे दिवे आणि ठरावीक तालात चमकणारा पांढरा किंवा लाल दिवा असतो. विमान दिसलं तर ते दिसेनासं होईपर्यंत नळी खिशात. आणि पोरांच्या हातात नळी देऊन ‘तूच दाखव’ म्हणू नका.

केळीत, मक्यात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकलायला काही जण हिरवा लेझर वापरतात. मचाणावरून खाली, पिकाच्या उंचीच्या आत रोखला तर झोत जमिनीत संपतो. बांधावर उभं राहून आडवा फिरवला तर तो शेजारच्या वस्तीत नाहीतर आभाळात जातो. साधी बॅटरी आणि डबा वाजवणं यापेक्षा बरं.

जत्रेतून पोरांनी आणलेल्या चावीच्या साखळीतल्या लाल लेझरचं काय, तर सेल काढून ठेवा. तो कशाला लागत नाही.

कायदा

विमान नियम १९३७ मधला ‘फसव्या दिव्यां’चा नियम ६६ आहे. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात आकाशकंदिलासारखे उडते दिवे आणि लेझर स्पष्टपणे घातले आणि विमानतळाभोवतीची हद्द ५ किलोमीटरवरून ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर केली. दिवा कुणाचा ते कळलं नाही किंवा तो जागा बदलत असेल, तर विमानतळ किंवा विमान कंपनीने पोलिसांत कळवायचं असतं. जिवाला धोका होईल असं बेदरकार कृत्य केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहेच: नुसत्या कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यातून कुणाला गंभीर दुखापत झाली तर कैद तीन वर्षांपर्यंत. शिवाय गणेशोत्सवाच्या काळात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली लेझरबंदीचे आदेश निघतात. आपल्या जिल्ह्यात काय आहे ते मंडप टाकायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारा. पकडलं जाणं अवघड असतं असंही समजू नका. वर ओढलेल्या रेघेचं खालचं टोक कोणत्या गच्चीवर आहे ते वरून नीट दिसतं.

कुणी विमानावर लेझर मारताना दिसलं तर भांडायला जाऊ नका. ११२ ला फोन करा: जागा, वेळ, झोताचा रंग, विमान कोणत्या दिशेने जात होतं एवढं सांगा.

झोत कुणाच्या डोळ्यांत गेलाच तर डोळे चोळू नका. पडदा सहसा वाचलेला असतो आणि चोळण्याने बुबुळावर ओरखडा येऊ शकतो. पडद्याला दुखतही नाही, त्यामुळे ‘दुखत नाही म्हणजे ठीक’ हा अंदाज धरू नका. गणिताच्या वहीतल्या चौकटीच्या कागदावर मधोमध ठिपका काढा, एक डोळा झाका आणि ठिपक्याकडेच बघत राहा. मग दुसऱ्या डोळ्याने. रेषा वाकड्या दिसल्या, मधल्या चौकटी गायब वाटल्या किंवा डाग काही तासांनीही तसाच राहिला, तर चष्म्याच्या दुकानात न जाता पडद्याच्या डॉक्टरांकडे जा आणि ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारी) तपासणी करून घ्या.