दिवाळीनंतर उरलेला रंग काढायचाय? आधी एक काडी शोधा

मागच्या वर्षी नाशिकला, इंदिरानगरात आमच्या बिल्डिंगखाली रस्त्यावर पिस्ता रंगाचा लांबलचक ओघळ गेला होता, तो माझ्यामुळे. बादलीतला रंग सुकलाय असं समजून मी ती घंटागाडीत दिली. वरून कडक होता, बोट लावून बघितलं तर काही लागलं नाही. पण दुधावर धरते तशी ती नुसती साय होती, खाली तीन-चार लिटर रंग जसाच्या तसा. गाडीत बादली आडवी झाली, साय फाटली, आणि गाडीवरच्या दादांचा शर्ट, पँट, चप्पल सगळं पिस्ता. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणून या वेळी आधी यादी आणि मग काम.

सगळ्यात आधी डबे माळ्यावरून खाली काढा आणि ढवळून वर्तमानपत्रावर ब्रशचा एक हात मारून बघा. गुठळ्या आल्या किंवा कुजका वास आला तर गेला तो. चांगला असेल तर लिटरभर टचअपसाठी छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वर शेड नंबर आणि खोलीचं नाव लिहा, नुसतं ‘क्रीम’ लिहू नका, आमच्याकडे तीन क्रीम आहेत. बाकीचा जिन्याला, वॉचमनच्या केबिनला, कुणाला हवा असेल त्याला द्या. फार जुने डबे मात्र कुणाला देऊ नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झालाय, त्याआधीच्या डब्यात किती शिसं आहे ते बघून कळत नाही.

मग दोन ढीग. ब्रश पाण्याने धुतला जातो ते इमल्शन, डिस्टेंपर एकीकडे, थिनर-टर्पेंटाईन लागतं ते ऑईल पेंट आणि पॉलिश दुसरीकडे. जागा वाचवायला म्हणून एकमेकांत ओतू नका, कुठल्याच कामाचा राहत नाही.

बेसिनमध्ये, बाथरूमच्या जाळीत किंवा खालच्या गटारात काहीही ओतायचं नाही. पावसाळी गटार सरळ नाल्याला, नाला नासर्डी नदीला आणि नासर्डी पुढे गोदावरीला मिळते. गोदाघाटावर हात जोडायचे आणि घरी मोरीत थिनर ओतायचं, असं करू नका.

पाण्याचा रंग सुकवायचा. थोडाच असेल तर झाकण काढून गॅलरीत ठेवा, मुलं-मांजरं पोचणार नाहीत असा. जास्त असेल तर वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा आणा (माती किंवा वाळूही चालते) आणि थोडा थोडा घालून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट होईपर्यंत कालवा. नोव्हेंबरातली आपल्याकडची कोरडी हवा याला मस्त, पावसाळ्यात हा उद्योग करूच नका, महिनाभर ओलाच राहतो. खोल बादलीत सुकवायला ठेवू नका, पसरट खोक्यात प्लास्टिक अंथरून इंचभराचे थर द्या. मी हेच केलं नव्हतं.

आणि आता काडी. झाडूची, अगरबत्तीची, आईस्क्रीमची, कुठलीही. सुकला असं वाटलं की काडी तळापर्यंत खुपसा. मधोमध खुपसा, कडेलाही खुपसा, कारण कड आधी सुकते आणि फसवते. काडी ओली आली तर साय फोडा, ढवळा, अजून भुसा घाला, दोन दिवसांनी परत काडी. वरून बोट लावणं म्हणजे तपासणी नाही, टिचकी मारून आवाज ऐकणं म्हणजे तर मुळीच नाही (हेही केलंय). घरातलं कुणी ‘सुकलाय गं, दे टाकून’ म्हणालं तरी काडी.

ऑईल पेंटला हे सगळं लागू नाही, त्यात भुसा अजिबात घालू नका. झाकण गच्च बसवून, नाव लिहून उभा ठेवायचा. घनकचरा नियमांप्रमाणे रंगाचे डबे वेगळे द्यायचे, म्हणजे ओल्यात नाही, सुक्यातही नाही. गाडीवाल्यांना आदल्या दिवशी विचारा, नाहीतर आपल्या विभागाच्या ऑफिसात. त्यापेक्षा गेटला, ग्रिलला एक हात जास्त मारून संपवलेला बरा. ब्रश धुतलेलं थिनर बाटलीत तसंच ठेवा, गाळ खाली बसला की वरचं नितळ परत वापरता येतं. ऑईल पेंट किंवा जवसाचं तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आतल्या आत तापून पेटतात, खरंच पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

रिकामे पत्र्याचे डबे सुकले की भंगारवाल्याला. प्लास्टिकच्या बादल्या झाडांना, फरशी पुसायला ठीक, पिण्याचं पाणी आणि धान्य भरायला नाही. ब्रश, रोलर धुवा किंवा टाका.

सुकवलेला पाण्याचा रंग गाडीत देताना झाकण लावू नका, सुकलेलं दिसू दे, आणि तोंडाने सांगाही. काडी तशीच रोवून ठेवा, म्हणजे घेणाऱ्यालाही हलवून बघता येईल.