ॲनिमेशनचा हात बसवताना
ॲनिमेशन शिकणाऱ्याने पहिला सराव उसळणाऱ्या चेंडूचा करावा. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) धरल्या आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवले, तर एका सेकंदाला 12 चित्रे पुरतात. चेंडू शिखरावर असताना चित्रे दाट आणि जमिनीकडे येताना विरळ काढली, तरच त्याला वजन येते. चित्रांमधले हे अंतर चुकले की तो फुग्यासारखा तरंगतो. ब्लेंडर हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर मोफत मिळत असल्याने खर्चाची सबब उरत नाही. पुढे मित्राच्या लघुपटाची शीर्षके किंवा एखाद्या संस्थेची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मुदत ठरवून पूर्ण करावी, कारण दुरुस्त्या सांगणारा माणूस समोर असल्याशिवाय या धंद्याची ओळख पटत नाही. शोरील, म्हणजे आपल्या निवडक कामाची चित्रफीत, मिनिटभराची ठेवावी आणि अर्धवट तुकडे, कितीही जिव्हाळ्याचे असले तरी, वगळावेत.