कथेतल्या आजोबांना गाडी देताना

पात्र सत्तरीचं आहे म्हणून त्याला सरसकट अ‍ॅम्बेसेडर देऊन मोकळे होऊ नका. आधी त्याच्या हातात स्वतःचा पैसा कधी आला ते साल काढा. 1952 साली जन्मलेला बँकेतला माणूस मारुती 800 बाजारात आली तेव्हा, म्हणजे डिसेंबर 1983मध्ये, एकतीस वर्षांचा होता. नंबर लावून, वाट बघून घेतलेली पहिली गाडी त्याच्या मनात तीच असणार. अ‍ॅम्बेसेडर त्याच्या साहेबांची.

गाडी चालवायला तो शिकला कशावर, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर शिकला असेल, तर तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. नव्या गाडीत घाईत त्याचा डावा हात आधी तिकडेच जाईल. थंडीत सकाळी चोक ओढून इंजिनाचा आवाज ऐकत थांबायची सवयही सुटलेली नसेल. एवढं लिहिलंत तरी माणूस उभा राहतो.

जुनी गाडी अजून दारात असेल, तर खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते हे विसरू नका. आरटीओत फिटनेस दाखवून ती पुढे वाढवून घ्यावी लागते. ती खेप कोण घालतं, मुलगा की आजोबा स्वतः, तेही ठरवा.

आणि गुडघे! मारुतीत खाली वाकून बसावं लागतं. दुखणं असेल तर वॅगन आरसारखी उंच सीटची गाडी द्या.