अमेरिका सुटली, टपाल तिथेच राहिलं: व्हर्च्युअल मेलबॉक्स कसा घ्यायचा, कसा वापरायचा

भारतात परत यायचं ठरलं की डोक्यात शंभर गोष्टी असतात, गाडी विकायची, कंटेनर बुक करायचा, मुलांच्या शाळा, इकडच्या भाडेकरूला नोटीस. टपालाची आठवण होते शेवटच्या आठवड्यात आणि मग कुणातरी मित्राला सांगायचं, "अरे तुझाच पत्ता देऊन ठेवतो, येऊन येऊन काय येणारे". आम्हीही हेच केलं. न्यू जर्सीहून पुण्याला आलो तेव्हा तिथल्या एडिसन गावातल्या मित्राचा पत्ता सगळीकडे टाकून मोकळे. पहिले दोन महिने तो बिचारा प्रत्येक पाकिटाचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवायचा, मग महिन्यातून एकदा, मग आम्हालाच विचारायची लाज वाटायला लागली. एकदा व्हिडिओ कॉलवर वहिनी बोलत असताना मागे मायक्रोवेव्हवर पिझ्झाच्या कूपनांखाली आमचा गठ्ठा दिसला. त्यात आयआरएसचं, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स खात्याचं पाकीट होतं, शेअर विकल्याचा हिशोब जुळत नाही म्हणून, आणि असल्या पत्राला उत्तर द्यायला साधारण ३० दिवस असतात, ते कधीच उलटून गेलेले. त्यांना काय बोलणार, चूक आमचीच.

तर हे लिहितोय ते अशा लोकांसाठी जे अमेरिका सोडतायत किंवा सोडून आलेत, पण ४०१के (नोकरीतून साठवलेला निवृत्तीचा फंड), बँक, टॅक्स असं काहीबाही तिथे अजून आहे.

व्हर्च्युअल मेलबॉक्स म्हणजे काय तर एखादी कंपनी तुम्हाला अमेरिकेतला खरा रस्त्यावरचा पत्ता देते, पुढे तुमचा बॉक्स नंबर. तिथे पाकीट आलं की ते बाहेरून फोटो काढतात, तुम्हाला ईमेल येतो, आणि ॲपमध्ये जाऊन तुम्ही सांगायचं की उघडून स्कॅन करा, किंवा भारतात पाठवा, किंवा फाडून टाका. चेक असेल तर काही जण तुमच्या बँकेकडे जमाही करतात. एनीटाइम मेलबॉक्स, आयपोस्टल१, ट्रॅव्हलिंग मेलबॉक्स, यूएस ग्लोबल मेल ही त्यातली माहितीची नावं. एका माणसाच्या साध्या प्लॅनला महिन्याला बहुतेक ठिकाणी १० ते २० डॉलर लागतात. स्वस्त प्लॅन बघून उडी मारू नका, महिन्याला किती पाकिटं आणि किती पानं स्कॅन फुकट हे आधी वाचा, कारण खरा खर्च फुकटच्या वरच्या पानांना होतो. आणि एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, एनीटाइम आणि आयपोस्टल१ सारख्यांचं जाळं असतं, म्हणजे ॲप त्यांचं पण तुमचं पाकीट हातात घेणारा माणूस हा कुठल्यातरी गावातला पार्सल पॅकिंगचा दुकानदार. म्हणून कंपनीचे रिव्ह्यू वाचण्यापेक्षा त्या ठरावीक पत्त्याचे वाचा. दुकान बंद पडलं तर पत्ता गेला.

राज्य कुठलं घ्यायचं यावर लोक फार डोकं लावतात. माझं मत साधं आहे, टेक्सस किंवा फ्लोरिडा, जिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. नुसता टपालाचा पत्ता असल्याने कुणी तिथला रहिवासी होत नाही हे खरं, पण कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्क सोडून आलात आणि पुन्हा तिथलाच पत्ता सगळीकडे टाकलात, तर उद्या राज्याच्या टॅक्सवाल्यांनी विचारलं की बाबा तू गेलायस की आहेस, तर कशाला ती नसती कटकट.

आता मुख्य भानगड, फॉर्म १५८३. हा यूएसपीएसचा, म्हणजे तिथल्या पोस्टखात्याचा फॉर्म. तुमच्या नावाचं टपाल त्या कंपनीने घ्यायला तुमची परवानगी आहे असं त्यात लिहून द्यायचं असतं. हा झाल्याशिवाय कुणी तुमचं पाकीट घेऊ शकत नाही, आणि एखादी कंपनी याशिवाय देते म्हणाली तर तिथून पळा. दोन पुरावे लागतात, एक फोटोचा, जसं पासपोर्ट किंवा तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स, आणि दुसरा घराच्या पत्त्याचा, जसं लीज, गाडीचं रजिस्ट्रेशन, घराचा किंवा गाडीचा इन्शुरन्स. क्रेडिट कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड (तिथलं आपल्या आधारसारखं नंबराचं कार्ड) चालत नाही. आता बघा, हे सगळे पत्त्याचे कागद तिथे राहत असताना ड्रॉवरमध्ये पडलेले असतात आणि विमानात बसलात की एकेक करून रद्द होतात. म्हणून निघायच्या निदान दीड-दोन महिने आधी हे उरकून घ्या.

नावाचा घोळ हा खास आपल्या लोकांचा. आपलं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बायकोचं मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव कधी बदललेलं कधी अर्धंच बदललेलं. माझ्या बायकोचं पासपोर्टवर एक नाव, पहिल्या नोकरीच्या ४०१केवर माहेरचं आडनाव, आणि मेडिकल इन्शुरन्सवर कुणीतरी मधलं नाव पहिल्या नावाला चिकटवून एकच लांबलचक नाव केलेलं. कंपनीला ज्या नावाची नोंद नाही त्या नावाचं पाकीट ते परत पाठवू शकतात. त्यामुळे फॉर्म भरताना जुनी पाकिटं समोर घेऊन बसा, नाव जसं जसं छापून येतं तसं सगळं त्यांना कळवा आणि त्यांना काय पुरावा लागतो ते विचारा. नवरा-बायको दोघांचं टपाल येणार असेल तर दोघांची ओळखपत्रं द्यावी लागतात, एकाच्या नावावर दोघांचं भागत नाही.

सही नोटरीसमोर किंवा त्या कंपनीच्या माणसासमोर करायची, आणि व्हिडिओ कॉलवर चालतं. अमेरिकेत असाल तर बँकेत जाऊन पाच मिनिटांत होतं, आम्ही पुण्यात येऊन केलं त्यामुळे ऑनलाइन नोटरी. रात्री साडेदहाला बसलो, तिकडे दुपारचा एक, आणि नोटरीबाई यायच्या आधी स्क्रीनवर प्रश्न यायला लागले, वर घड्याळ उलटं चालू. खालीलपैकी कुठल्या रस्त्यावर तुम्ही राहिला आहात, खालीलपैकी कुठल्या वर्षी गाडीचं कर्ज घेतलं. हे प्रश्न तुमच्या क्रेडिट हिस्टरीतून, म्हणजे तिथल्या कर्ज आणि कार्डांच्या नोंदीतून काढतात. दहा वर्षांत पाच अपार्टमेंट बदललेल्या माणसाला पहिल्या अपार्टमेंटचा रस्ता काय आठवणार, मी पहिल्या वेळी नापास झालो. दुसऱ्यांदा बायकोने जुन्या ईमेलमधून सगळे पत्ते काढून कागदावर लिहून शेजारी ठेवले, मग जमलं. तुमच्या नावावर तिकडे फारसं क्रेडिट नसेल तर हा मार्ग अवघड जातो, मग मेलबॉक्स कंपनीलाच विचारा की त्यांचाच माणूस व्हिडिओवर सही बघेल का. अगदीच काही नाही जमलं तर मुंबईत बीकेसीचं अमेरिकन कॉन्सुलेट आहे, तिथे नोटरी होते पण एका शिक्क्याला ५० डॉलर.

पत्ता चालू झाला की पहिलं काम, कुणालातरी सांगून त्या पत्त्यावर स्वतःच्या नावाने एक साधं पोस्टकार्ड टाकायला लावा. ते ॲपमध्ये दिसलं की मगच बाकीच्यांना पत्ता कळवा.

कळवायचं कुणाकुणाला? आयआरएसला फॉर्म ८८२२ भरून. ऑफिसच्या एचआरला, कारण डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद, आपल्या फॉर्म १६ सारखा) जानेवारीअखेर निघतो आणि तेव्हा तुम्ही नोकरीत नसता, पोर्टलही बंद झालेलं असतं. ४०१के आणि एचएसए (औषधपाण्यासाठी पैसे साठवायचं खातं), दोन्हीकडे वेगवेगळं. आणि घरमालकाला अजिबात विसरू नका, न्यू जर्सीत डिपॉझिट ३० दिवसांत परत द्यावं लागतं आणि तो चेक तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच जातो. गाडीच्या इन्शुरन्सचे उरलेले पैसे, विजेचं डिपॉझिट, असले पन्नास-शंभर डॉलरचे चेक कुठून कुठून टपकत राहतात. पोस्टाकडे पत्ता बदलल्याची नोंदही करा, ते पत्रं वर्षभर नवीन पत्त्यावर पाठवतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका, बँकेचं नवीन कार्ड वगैरे पाकिटांवर बरेचदा परत पाठवा असंच छापलेलं असतं, ते पुढे जातच नाही.

बँकेच्या बाबतीत मात्र जपून. हा पत्ता टपालाचा पत्ता म्हणून द्या, राहण्याचा म्हणून नाही. असे सगळे पत्ते पोस्टाच्या यादीत कमर्शियल म्हणून खूण केलेले असतात, बँकेच्या कॉम्प्युटरला ते लगेच कळतं आणि मग खातं गोठवून कागद मागत बसतात. स्मार्टी नावाच्या साइटवर पत्ता टाकलात तर ती खूण तुम्हालाही दिसेल. ब्रोकरेज, म्हणजे शेअरच्या खात्याचं तर अजूनच, टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही अमेरिकेचे रहिवासी राहिला नाहीत की डब्ल्यू-८बेन (आपण तिथले रहिवासी नाही असं सांगणारा फॉर्म) भरावा लागतो आणि त्यात राहण्याचा खरा पत्ता लागतो, म्हणजे आपला पुण्या-नाशिकचाच. काही ब्रोकर भारतातला पत्ता म्हटलं की खातं बंद करा म्हणतात, मग लोक मेलबॉक्सच्या पत्त्यावर तिथेच राहतो असं भासवतात. करू नका बाबांनो, निघायच्या आधी फोन करून स्पष्ट विचारा आणि नाही म्हणाले तर खातं दुसरीकडे हलवा.

वापर सुरू झाला की सगळंच स्कॅन करायची खाज येते, पण पाकिटावरून बरंच कळतं. आमच्याकडे येणाऱ्यातलं निम्म्याहून जास्त क्रेडिट कार्डाच्या जाहिराती, त्या थेट श्रेडरला. स्कॅन केलेल्या टॅक्सच्या कागदांवर सोशल सिक्युरिटी नंबर असतो हे ध्यानात ठेवून पासवर्ड नीट ठेवा आणि ओटीपी चालू करा. तो ओटीपी अमेरिकन नंबरवर येणार असेल तर त्या नंबरचंही बघून ठेवा, गूगल व्हॉइसवर नंबर २० डॉलरमध्ये कायमचा नेता येतो, फक्त काही बँका तिथे ओटीपी पाठवत नाहीत. अमेरिकन सरकारचा चेक तारखेपासून एक वर्षच चालतो, त्यामुळे ट्रेझरीचं, म्हणजे सरकारी खजिन्याचं पाकीट दिसलं की त्याच दिवशी उघडायला सांगा.

भारतात मागवायचं असेल तर थोडं साठू द्या आणि एकदम मागवा, एका पाकिटाला आणि पाच पाकिटांना कुरिअरचे पैसे जवळजवळ तेवढेच. कस्टम्ससाठी इकडे कुरिअरवाले आधार-पॅन मागतात ते तयार ठेवा. सामान मागवायला हा पत्ता वापरू नका, कस्टम ड्युटी आणि कुरिअर मिळून दोन हजाराची वस्तू कुठल्या कुठे जाते.

बंद करतानाची एक मेख आहे. साध्या घराचा पत्ता सोडताना पोस्टात जाऊन नवीन पत्ता देता येतो, मेलबॉक्सच्या पत्त्यावरून तसं करता येत नाही. बंद केल्यावर सहा महिने ती कंपनीच तुमचं टपाल पुढे पाठवते, तेही तिकिटाचे पैसे तुम्ही भरलेत तर. म्हणून आधी एकेकाकडे पत्ता बदलायचा, दोन-तीन महिने बॉक्स रिकामा जातोय का बघायचं, आणि मगच बंद करायचा. आमचा अजून चालू आहे, बायकोचा माहेरच्या नावाचा ४०१के हलत नाही तोवर राहील.