प्रोग्राम स्लो आहे? आधी मोजा, मग कोडला हात लावा

एप्रिल-मे मधे रत्नागिरीत आंब्याचा सीझन, कोणाला मान वर करायला वेळ नसतो. एका आंबा व्यापाऱ्यांचं पावत्यांचं सॉफ्टवेअर मी बघतो, पायथनमधलं. संध्याकाळी वाशी मार्केटची गाडी सुटायच्या आधी कोणाच्या किती पेट्या गेल्या त्याचा रिपोर्ट काढायचा असतो आणि तो यायला 52 सेकंद लागायचे, तोवर ड्रायव्हर खोळंबलेला. असं कोणी खरंच खोळंबत असेल तरच स्पीडच्या मागे लागा. रात्री 2 वाजता बॅकअप होतो त्याला 10 मिनिटं लागतात, लागूदेत.

मी सुरुवात अंदाजाने केली, तिथेच चुकलो. रक्कम अक्षरी लिहिणारं फंक्शन अवजड वाटत होतं, दोन संध्याकाळी घालवून नव्याने लिहिलं आणि 52 चे झाले साडेएक्कावन्न. जे फंक्शन एकूण वेळेतला 1 टक्काच खातं ते अगदी काढून टाकलं तरी 1 टक्क्याच्या वर काय मिळणार?

मग प्रोफायलर लावला, म्हणजे कुठलं फंक्शन किती वेळ खातं ते मोजणारं टूल. पायथनबरोबर सीप्रोफाइल आयताच येतो, आउटपुट क्युम्युलेटिव्ह टाइमवर (फंक्शनचा स्वतःचा आणि त्याने बोलावलेल्या फंक्शनचा मिळून वेळ) सॉर्ट करून बघायचं, आणि नुसते सेकंद बघू नका, कॉल किती वेळा झाले तो पहिला कॉलम बघा, खरी गोम तिथे असते. माझ्याकडे क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, 12,000 वेळा चालत होती! पावत्या 12,000 आणि लूपमधे प्रत्येक पावतीला बागायतदाराचं नाव आणायला वेगळी क्वेरी, सर्व्हर मुंबईला, एका फेरीला साधारण 4 मिलिसेकंद, म्हणजे 48 सेकंद नुसते जाण्यायेण्यात. क्वेरी एकेकटी फास्टच होती, इंडेक्स (डेटाबेसमधे पटकन शोधायची सूची) पण होता, त्यामुळे इंडेक्स वाढवून काडीचा फरक पडला नसता. जॉइन लावून, म्हणजे पावत्या आणि बागायतदार ही दोन टेबलं जोडून, सगळं एका क्वेरीत आणलं.

उरलेल्यातले दोनेक सेकंद एका लिस्टने खाल्ले होते. पैसे आलेल्या पावत्यांचे 9,000 नंबर लिस्टमधे, आणि प्रत्येक पावती त्यात आहे का बघायला पायथन पहिल्यापासून एकेक नंबर चाळत बसतो. लिस्टचा सेट केला, एक ओळ बदलली, सेट हॅशवर चालतो, म्हणजे नंबरवरूनच त्याची जागा काढतो, त्यामुळे शोधणं जवळपास लगेच होतं.

टेस्ट मात्र सीझनएवढ्या डेटावर करा, 50 पावत्यांवर सगळंच पळतं. एका वेळी एकच बदल, आणि जुना रिपोर्ट फाइलमधे ठेवून नव्याशी ताडून बघा, एक पेटी जरी इकडची तिकडे झाली तर स्पीडचा काय उपयोग. शेवटचा वेळ प्रोफायलर बंद करून मोजा, कारण तो स्वतःच प्रोग्राम हळू करतो. चार-पाच वेळा चालवा आणि मधला आकडा धरा.

दीड सेकंदावर मी थांबलो. कॅश लावून (आधी काढलेला आकडा साठवून तोच वापरून) अजून खाली आणता आलं असतं, पण ऐनवेळी पावती बदलली की जुनाच आकडा छापला जायची भीती, आणि बागायतदाराच्या पट्टीत (विक्रीच्या हिशोबात) ते चालत नाही.